श्रावण पाळता येतो, तर बाकीचे बदल का सुटतात?

गोव्यातल्या कितीतरी घरांत हुमणाशिवाय, म्हणजे माशांच्या आमटीशिवाय, दुपारचं पान वाढलं जात नाही. तीच माणसं श्रावण लागला की महिनाभर मासळी सोडतात, काही तर चवथीचा गणपती पोचवेपर्यंत. त्यासाठी कुणी मन घट्ट करत बसत नाही. घरात मासळी येतच नाही, सगळे एकाच पंगतीला तेच जेवतात, सुरुवात आणि शेवट पंचांगात ठरलेला असतो, आणि शेजारच्या घरातही तेच चाललेलं असतं. एक जानेवारीच्या संकल्पाला यातलं काहीच नसतं, म्हणून तो पंधरवड्यात सुटतो. तेव्हा इच्छाशक्ती वाढवण्याच्या नादी लागू नका. जागा, वेळ, माणसं आणि मुदत या चार गोष्टी आपल्या बदलाभोवती कशा उभ्या करायच्या, ते पाहू.

आधी सात दिवसांची वही

काय बदलायचं हे डोक्याने ठरवायला गेलात तर लोक काय म्हणतील तेच सुचतं. शाळेची साधी वही घ्या. सकाळी ६ ते रात्री १० या वेळेचे दोन-दोन तासांचे आठ भाग पाडा. प्रत्येक भागासमोर काय केलं, कुणाबरोबर केलं आणि नंतर कसं वाटलं ते लिहा. बरं वाटलं तर अधिक, वाईट वाटलं तर उणे, काहीच वाटलं नाही तर शून्य. वही दिवसातून दोनदा भरा, दुपारी जेवल्यावर आणि रात्री. सगळं रात्रीवर ठेवलं तर संध्याकाळी झालेल्या भांडणाचा रंग सकाळलाही लागतो. आठवडा साधा निवडा. चवथ, गावची जत्रा, घरचं लग्न यांतला नको.

आठव्या दिवशी आधी अधिकांकडे पाहा. ज्याने बरं वाटलं आणि ज्याला आठवड्यात दोन तासही मिळाले नाहीत, ते वाढवायचं. मग शून्य मोजा. जेवणानंतरचा मोबाईल बहुतेकांच्या वहीत उणे नसतो, शून्य असतो. वेळ काढायचा तो तिथूनच. झोपेतून काढू नका, कारण अपुऱ्या झोपेवर उभारलेला बदल पहिल्या थंडीतापात कोसळतो.

एकच बदल, एका वाक्यात

‘तब्येतीकडे लक्ष द्यायचं’ या वाक्यावर काहीच करता येत नाही. वाक्य असं हवं: अमुक झालं की, अमुक ठिकाणी, मी अमुक करीन. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात या ‘झालं की करीन’ पद्धतीचा अभ्यास मांडला. नुसत्या निश्चयापेक्षा अशी नेमकी योजना जास्त पार पडते, हे त्यानंतरच्या अनेक प्रयोगांत दिसलं.

उदाहरणं घ्या. ‘पोदेराकडून (पाववाल्याकडून) पाव घेऊन ठेवले की बूट घालून देवळापर्यंत चालत जाईन.’ ‘तिन्हीसांजेला दिवा लागला की पेटी उघडून दहा मिनिटं अलंकार वाजवीन.’ इथे घड्याळ नाही, रोज घडणारी घटना आहे. घटना निवडताना दोन गोष्टी तपासा. ती सातही दिवस घडते का? ऑफिसातून घरी येणं रविवारी घडत नाही, आणि बस चुकली की तास पुढे सरकतो. दुसरं, ती संपल्यावर हात मोकळे होतात का? ‘चहा पिताना’ ढिलं आहे, ‘कप धुऊन ठेवला की’ पक्कं.

आकार इतका लहान ठेवा की अंगात कणकण असलेल्या दिवशीही जमेल. पहिले दोन आठवडे पाच मिनिटं पुरेत. हे लोकांना कमीपणाचं वाटतं आणि ते तिसऱ्या दिवशी तासभर चालून येतात. पाचव्या दिवशी पाय दुखतात आणि प्रकरण मिटतं.

जागा, आणि पाऊस

वाढवायची गोष्ट डोळ्यांसमोर, कमी करायची गोष्ट दोन खोल्या दूर. मोबाईलचा चार्जर बाहेरच्या खोलीत लावा आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवा. पेटी कपाटावर असेल तर ती वाजणार नाही, टेबलावर हवी. मात्र पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीपासून लांब, कापडाखाली ठेवा, नाहीतर सूर बिघडतात.

जून ते सप्टेंबर हीच इथली खरी परीक्षा. भिजलेले बूट एका रात्रीत वाळत नाहीत, म्हणून दोन जोड हवेत, ओल्यात वर्तमानपत्राचे बोळे घाला. मुसळधार असेल तेव्हा कुठे चालायचं, देवळाच्या सभामंडपात की घराच्या पडवीत, हे पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करता करता मे महिन्यातच ठरवा. पाऊस कोसळत असताना ठरवायला बसलात तर उत्तर ‘उद्या’ असंच येतं. घरात वाचन होत नसेल तर घर बदलण्याच्या भानगडीत पडू नका, पणजीच्या पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था आजही बसून वाचायला जागा देते.

घरचे आणि तिठ्यावरचे

चार लोकांत घोषणा करू नका. कौतुक आधीच मिळालं की काम केल्यासारखं वाटतं. एकाच माणसाला सांगा, आणि त्याला काम द्या. तुमचा बदल म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी सोय कमी होणं, हे घरात बोललंच जात नाही. बाईने संध्याकाळचा तास स्वतःसाठी घेतला, तर शिकवणीहून मुलाला आणणार कोण? ‘मला थोडा वेळ हवा’ म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि तो तास आठवड्यात पुन्हा चुलीपाशी जातो. ‘मंगळवारी आणि गुरुवारी सहा ते सात मी भजनाच्या तालमीला, मुलाला बाबांनी आणायचं’ एवढं नेमकं बोला.

मित्रांना नकार देताना कारण सांगू नका, कारणावर वाद घालता येतो. ‘आज नको, मला लिंबू सोडा सांग’ एवढंच पुरे.

मुदत

सुरुवात आपल्या धंद्याचं वर्ष बघून करा. शॅक, हॉटेल, टॅक्सीवाल्यांनी ऑक्टोबर ते मार्च हंगामात नवं काही धरू नये, जूनमध्ये धरावं. भातशेती असेल तर नेमकं उलट, जून-जुलै टाळा. काजूवाल्यांनी मार्च ते मे टाळावं.

२१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसली, व्यायाम उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. दसऱ्याला सुरुवात केलीत तर पहिला हिशेब डिसेंबरात.

चवथीत, लग्नात खंड पडणारच. त्या दिवसांसाठी दोन मिनिटांचं रूप आधीच ठरवा आणि पुन्हा सुरू करण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. एक दिवस चुकला तर चालेल, सलग दोन नको.

मोठा बदल असेल तर

नोकरी सोडणं, धंदा बदलणं याला वाक्य आणि वही पुरत नाही. २०१२ला आणि पुन्हा २०१८ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा कर्जावर ट्रक घेतलेल्यांचे हप्ते थांबले नाहीत. स्वतःहून बदल करणाऱ्याच्या हातात निदान वेळ असतो. सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यांसकट, वेगळ्या खात्यात आल्याशिवाय राजीनामा नको. तोवर तीन महिने सुट्टीच्या दिवशी तेच काम करून पाहा, आणि गिऱ्हाईक नातेवाईक नसावं.

इथे वही बाजूला ठेवा

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका दिवसात बंद करू नये. शरीराला सवय झालेली असेल तर शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात, आणि पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो. भ्रम झाला तर जिवावर बेततं. आधी डॉक्टर, मग तारीख.

सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप किंवा भूक उडाली असेल, तर तो आळस समजू नका. पणजीजवळ बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आणि १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, आजच फोन करा.