उपयोजित गणित आणि संकेत विश्लेषण केंद्र: स्थापनेआधीच्या तयारीची यादी

महाराष्ट्रातल्या एखाद्या राज्य विद्यापीठात उपयोजित गणित आणि संकेत विश्लेषणाचे संशोधन केंद्र काढायचे ठरले, की पहिली बैठक बहुधा जागा आणि उद्घाटनाची तारीख यांतच संपते. या यादीत जागा बरीच खाली आहे. सर्वांत आधी लिहून काढायचे ते हे, की केंद्र कोणत्या संकेतांवर (सिग्नलवर, म्हणजे उपकरणाने टिपलेल्या चढउतारांवर) काम करणार, ते कोणत्या उपकरणातून येतात, आणि ते उपकरण ज्यांच्या हाती आहे त्यांना आपल्या गणिताची खरोखर गरज आहे का. या तीन प्रश्नांची उत्तरे नेमकी लिहिता येईपर्यंत प्रस्ताव कुलसचिव कार्यालयात पाठवू नये.

आपल्याकडे विषयांची वाण नाही. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतरही धक्के थांबलेले नाहीत आणि त्यांच्या नोंदी होत असतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहायच्या लायगो-इंडिया या, गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातील सूक्ष्म कंप) टिपणाऱ्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि हा जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. गुरुत्वीय लहर प्रत्यक्ष सापडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. पण गोंगाटात बुडालेली अशी खूण अपेक्षित आकृतीशी जुळवून कशी शोधायची, याचे गणित पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी त्याच्या दोन दशकांहून अधिक काळ आधीपासून मांडत होते. उपकरण येण्याआधी गणित तयार असू शकते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. तरीही नव्या केंद्राने सुरुवातीला दोनच विषय निवडावेत: एक असा, की ज्यात नोंदी आजच हाती येतील, आणि दुसरा असा, की ज्याची तयारी पाच-दहा वर्षांनी उपयोगी पडेल. सहा-सात विषयांची नावे प्रस्तावात भारदस्त दिसतात, पण एकालाही पुरेशी माणसे मिळत नाहीत.

निवडलेल्या विषयाच्या नोंदी कुठून येणार, हे ठरवताना सर्वाधिक वेळ द्यावा. समजा हृदयाच्या ठोक्यांचे आलेख, म्हणजे ईसीजी, हा विषय घेतला. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी बॉस्टनमध्ये तयार झालेला एमआयटी-बीआयएच हा खुला संग्रह उत्तम आहे. त्यात ४७ व्यक्तींच्या प्रत्येकी अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत आणि त्यांतील ठोक्यांवर हृदयरोगतज्ज्ञांनी खुणा केलेल्या आहेत. पण त्या नोंदींमध्ये दर सेकंदाला ३६० नमुने, म्हणजे ३६० मापे, घेतलेले आहेत, आणि हा आकडा निवडण्यामागे अमेरिकेतील ६० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची गुणगुण सोप्या फिल्टरने काढता यावी हा हेतू होता. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि ३६० ला ५० ने पूर्ण भाग जात नाही. त्या संग्रहावर नीट चाललेला फिल्टर जिल्हा रुग्णालयातील नोंदीवर तसाच्या तसा लावला, तर ५० हर्ट्झची गुणगुण जागच्या जागी राहते आणि विद्यार्थी तिलाच हृदयाचा संकेत समजून बसू शकतो. म्हणून खुल्या संग्रहावर पहिले सहा महिने काम करावे, आणि त्याच काळात जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी बोलणी करून आपल्या भागातील नोंदी मिळवण्याची तयारी ठेवावी.

ही बोलणी नुसत्या सामंजस्य कराराच्या सह्यांवर थांबवू नयेत. नोंदी कोणाच्या मालकीच्या राहतील, रुग्णाची ओळख कोण आणि कोणत्या टप्प्यावर काढून टाकील, नोंदी विद्यापीठाबाहेर जातील का, शोधनिबंधावर डॉक्टरांचे नाव कोणत्या निकषावर येईल, हे करारात स्पष्ट लिहिलेले असावे. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा, ही तिन्ही कामे पहिली नोंद हाती येण्याआधीची आहेत.

यानंतर माणसे. गणित विभागातील प्राध्यापक आणि इलेक्ट्रॉनिक्स किंवा भौतिकशास्त्रातील प्राध्यापक एकाच विद्यार्थ्याचे सहमार्गदर्शक असतील, तर केंद्र खरोखर चालते. दोन्ही विभागांची नावे केवळ पाटीवर असतील, तर चालत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात, तेव्हा किती जागा खरोखर रिकाम्या आहेत ते आधी मोजावे. एक पद मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये: यंत्रे आणि नोंदींचा संग्रह सांभाळणाऱ्या तांत्रिक सहायकाचे. हे पद प्रस्तावातून सर्वांत आधी कापले जाते आणि त्याची उणीव सर्वांत जास्त भासते, म्हणून त्याच्या वेतनाची तरतूद विद्यापीठाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात मागावी.

केंद्र सुरू होण्याआधी किमान एक सत्र दर आठवड्याला चर्चासत्र भरवावे, आणि त्यात सूत्राआधी नोंद पडद्यावर दाखवण्याचा नियम ठेवावा. दोन विभागांची भाषा जुळायला वेळ लागतो. गणिताचा विद्यार्थी फूरिये श्रेणीचे (संकेत साध्या लहरींच्या बेरजेने मांडण्याच्या रीतीचे) अभिसरण सिद्ध करू शकतो, पण नमुने घेण्याचा वेग संकेतातल्या सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून कमी पडला तर आलेखात खोट्या वारंवारता उमटतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले नसते. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी एफएफटीची, म्हणजे संकेतातल्या वारंवारता झटपट काढण्याच्या रीतीची, आज्ञा रोज देतो, पण कूली आणि ट्यूकी यांच्या १९६५ च्या रीतीने नेमके काय वाचते ते त्याला सांगावे लागते. दोनचा २० वा घात, म्हणजे सुमारे साडेदहा लाख नमुने असतील, तर सरळ रीतीने सुमारे १.१ लाख कोटी गुणाकार लागतात, आणि या रीतीने मोजणी दोन कोटींच्या घरात येते. हे गणित फळ्यावर दोघांनी मिळून करावे. त्यानंतर इंग्रिड दोबेशी यांच्या १९८८ च्या कामापर्यंत, म्हणजे मर्यादित लांबीच्या वेव्हलेटपर्यंत (संकेत तपासायच्या छोट्या लहरींपर्यंत), दोघांनाही एकत्र नेता येते.

यंत्रसामग्रीबाबत एवढेच, की पहिल्या वर्षी एक बऱ्यापैकी सर्व्हर, खात्रीचा यूपीएस आणि नोंदींच्या दोन स्वतंत्र प्रती ठेवण्याची सोय पुरते. खोलीचे अर्थिंग आणि वातानुकूलन तपासून झाल्याशिवाय खरेदीची निविदा काढू नये, आणि वार्षिक देखभाल कराराची रक्कम मूळ अंदाजातच धरावी. आज्ञावलींसाठी पायथन आणि ऑक्टेव्ह ही मोफत साधने पुरेशी आहेत. महागड्या परवान्यांचे नूतनीकरण अनुदान संपताच थांबते आणि विद्यार्थ्यांचे अर्धे काम उघडेनासे होते.

मान्यतेसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील चौकट समोर ठेवावी, आणि विषय विद्या परिषद तसेच व्यवस्थापन परिषद या दोन्हींसमोर जाईल असे धरून कागद तयार करावेत. वित्त व लेखा समितीला आवर्ती आणि अनावर्ती खर्च वेगळे दाखवावेत. केंद्रीय अनुदानाचा विचार करताना एसईआरबी या केंद्र सरकारच्या संशोधन अनुदान मंडळाची जागा आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे, तेव्हा जुने अर्जनमुने वापरू नयेत. अनुदान मुदतीचे असते, म्हणून ते संपल्यानंतरच्या दोन वर्षांचा खर्च कोण उचलणार हे ठरावातच नमूद करून घ्यावे.

शेवटचा कागद एका पानाचा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी राहून जातो. त्यावर प्रत्येक जबाबदारीपुढे दोन नावे लिहावीत: रुग्णालयाशी संपर्क ठेवणारा आणि त्याची बदली झाली तर तो ठेवणारा, सर्व्हर सांभाळणारा आणि त्याच्या रजेत तो सांभाळणारा, संचालक आणि संचालक निवृत्त झाल्यावर पीएचडी विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन पुढे नेणारा. दुसऱ्या रकान्यात एकही जागा रिकामी असेल, तर प्रस्ताव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवावा आणि आधी ते नाव मिळवावे.