पोर्तुगीज काळातले लपवलेले पत्रक सापडले तर

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात लग्नपत्रिकेलासुद्धा सेन्सॉरची मंजुरी लागे. तेव्हा स्वातंत्र्याचे सायक्लोस्टाईल (स्टेन्सिलवरून हातयंत्राने काढलेले) पत्रक पोथीच्या बासनात किंवा माळ्यावर दडवणे म्हणजे घरादारावर संकट ओढवून घेणे. अशा कागदावर सही नसते, छापणाऱ्याचे नाव नसते. त्याच्या घड्या, भोवतीचे फडके आणि सापडलेली जागा, एवढीच त्याची ओळख. म्हणून उलगडण्याआधी शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. विडीएवढी बारीक घडी दिसली तर कागद कुणीतरी अंगावर लपवून नेला असावा. फडके फेकू नका.

घडी हाताने ओढू नका. स्वस्त कागद आम्लामुळे ठिसूळ होतो आणि नेमका घडीवर तुटतो. झाकणाच्या डब्यात तळाला ओला, पिळलेला स्पंज ठेवा, वर जाळी, जाळीवर कागद. दर अर्ध्या तासाने पाहा. दोन-चार तासांत तो मऊ होतो. मग टीपकागदांच्या मध्ये ठेवून वर जाड पुस्तके ठेवा, टीपकागद बदलत राहा, पूर्ण सुकू द्या. इस्त्री कधीच नको. मात्र जांभळा शिक्का किंवा हाताने लिहिलेली शाई असेल तर हा उपाय करू नका, ओलाव्याने ती पसरते. असा कागद घडीसकट जपा आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारा. हे काम पावसाळ्यात काढू नका; जानेवारी-फेब्रुवारी बरे, नाहीतर बुरशी धरते.

कसर लागली असेल तर कागद प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर दव साचते. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही घातक: टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन सोडवता येत नाही. कागद आम्लरहित लिफाफ्यात घाला. कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा, ती पावसात पाझरते.

लिफाफ्यावर आधी पेन्सिलीने लिहा, कागद नंतर आत घाला: कुठे सापडला, कोणी सांगितले, कधीचा. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना आवर्जून विचारा, कारण लपवण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याकडे असे आणि त्यांची नावे क्वचितच लिहिली गेली. साल आठवत नसेल तर विचारा: राममनोहर लोहिया सभेसाठी मडगावला आले (१८ जून १९४६) त्याच्या आधी की नंतर? १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहाआधी की नंतर? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.