तरुण वयातला कंप: विल्सन आजाराची तपासणी कशी करून घ्यावी

शाळा-कॉलेजातल्या मुलाचं अक्षर बिघडलं, बोलणं अडखळू लागलं, लाळ गळू लागली, हात थरथरू लागले किंवा मान वाकडी होऊ लागली, तर ताण म्हणून सोडून देऊ नका. न्यूरॉलॉजिस्टना थेट विचारा: विल्सनची तपासणी करायची का? शरीरात तांबं साचण्याचा हा आजार विरळा आहे, पण गोळ्यांनी आटोक्यात येतो. उशीर झाला तर मात्र मेंदूचं नुकसान पुरतं भरून निघत नाही.

एटीपी७बी जनुकातल्या दोषामुळे यकृताला जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात आणि मग मेंदूत साचतं. म्हणून पूर्वी झालेली कावीळ डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डोळे स्लिट लॅम्पवरच, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या सूक्ष्मदर्शक यंत्रावरच, तपासून घ्या. बुबुळाच्या कडेला तांबं साचून झालेलं तपकिरी-हिरवट कडं काळ्या डोळ्यांत नुसत्या टॉर्चने सहज नजरेतून सुटतं. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर संशय घ्यावा, १० च्या खाली असेल तर तो बळावतो. पण शरीरात सूज असेल, गरोदरपण असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा आकडा वर सरकतो. त्यामुळे एका नॉर्मल रिपोर्टवर थांबू नका.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या २४ तासांच्या लघवीत. लॅबने दिलेला, धातूचा अंश नसलेला प्लॅस्टिकचा कॅनच वापरा. सकाळी ६ वाजता उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहून ठेवा. त्यानंतरची प्रत्येक लघवी थेंबही न सांडता कॅनमध्ये जमा करा, दुसऱ्या दिवशी ६ वाजताचीसुद्धा. एखादी वेळ चुकली तर आकडा खोटा कमी येतो, अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. लक्षणं असलेल्या माणसात १०० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं निघालं तर ते विल्सनकडे बोट दाखवतं. मुलांमध्ये ४० च्या वरचा आकडाही दुर्लक्षू नये.

पेनिसिलामाइन हे शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध जेवणाआधी १ तास किंवा जेवणानंतर २ तासांनी घ्यायचं. डोस हळूहळूच वाढवतात, कारण सुरुवातीला कंप आणि बोलणं आणखी बिघडू शकतं. तसं झालं तर गोळ्या परस्पर बंद न करता लगेच फोन करा. झिंकही (अन्नातलं तांबं शोषू न देणारं औषध) चालू असेल तर दोन्ही एकत्र घेऊ नका. बरं वाटलं म्हणून औषध सोडणाऱ्यांचं यकृत निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. हे औषध आयुष्यभराचं.

तांब्याच्या कळशीतलं पाणी बंद करा. कलेजी आणि शिंपल्याही नकोत.

निदान पक्कं झालं की सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करा, लक्षणं नसली तरी. प्रत्येकाला २५ टक्के धोका असतो.