घरातलं ऑर्किड पुन्हा फुलवायचं, तेही कोल्हापूरच्या हवेत

भेट म्हणून आलेलं ऑर्किड दोन-तीन महिने फुलतं, मग फुलं गळतात आणि पुढची दोन-तीन वर्षं नुसती पानं. झाड हिरवंगार दिसतं म्हणून कुणी टाकत नाही आणि फुलत नाही म्हणून कुणी फारसं बघतही नाही. मग कुणीतरी खताची पुडी आणून देतं. पण नर्सरीत सर्रास मिळणारं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड फुलतं ते गारव्यावर, आणि कोल्हापुरात तो गारवा दिवाळीपासून पुढं तीन महिने फुकट मिळतो. त्या दिवसांत कुंडी कुठं आहे आणि तोवर मुळं जिवंत राहिली आहेत का, यावर सगळं ठरतं.

आधी आपलं झाड कोणतं ते बघा. रुंद, जाड, जमिनीलगत पसरलेली पानं आणि मधे खोड जवळजवळ नाहीच, असं असेल तर ते फॅलेनॉप्सिस. उसाच्या बारीक कांड्यांसारखी उभी खोडं आणि त्यांवर पानं असतील तर ते डेंड्रोबियम. डेंड्रोबियमला ऊन बरंच जास्त लागतं, सकाळचं तीन-चार तास थेट ऊनही चालतं. त्याची पानं गळून नागडी झालेली जुनी खोडं वाळली समजून कापू नका. त्यांत साठा असतो आणि पुष्कळदा त्यांनाच पुन्हा फूल येतं. इथून पुढचं सगळं फॅलेनॉप्सिसबद्दल आहे.

आणखी एक. आंब्याच्या झाडावर वाढणाऱ्या आपल्याकडच्या रानटी ऑर्किडला आमरी म्हणतात, पण पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात. बांडगूळ झाडाचा रस पितं. आमरी फांदीवर नुसती बसलेली असते, पाणी घेते ते पावसाचं आणि हवेतलं. कुंडीतल्या ऑर्किडची मुळंही याच जातीची, म्हणूनच त्यांना माती सोसत नाही. (राधानगरी-आंबोलीच्या रानातून आमरी काढून आणू नका. अभयारण्यातून झाड काढणं गुन्हा आहे, आणि आणलेली बहुधा जगतही नाही.)

गारवा

प्रत्येक पानाच्या बगलेत, उसाच्या पेऱ्यावर असतो तसा, एक डोळा दडलेला असतो. दिवसा साधारण 25-26 अंश आणि रात्री 16 ते 20 अंश असे चार ते सहा आठवडे मिळाले की तो डोळा जागा होतो आणि फुलाचा दांडा बाहेर पडतो. लोक चुकतात ते पुढच्या गोष्टीत. रात्र कितीही गार असली तरी दिवसभर झाडाजवळ 28-29 अंशांच्या वर तापत राहिलं, तर दांडा येत नाही. कोल्हापुरात डिसेंबरच्या रात्री हव्या तितक्या गार असतात. घोटाळा होतो तो दुपारी. पश्चिमेची खिडकी, पत्र्याची शेड, तापलेल्या स्लॅबखालची गच्चीची खोली, या तिन्ही जागा त्यामुळं बाद. उसाला तुरा येऊ नये म्हणून धडपडणाऱ्या जिल्ह्यात ऑर्किडला तुरा यावा म्हणून एवढी खटपट करायची, हीही एक मजाच.

सर्वांत चांगली जागा म्हणजे पूर्वेची खिडकी किंवा पूर्वेकडं उघडा असलेला सोपा. कोजागिरी झाली की कुंडी तिथं हलवा आणि रात्री खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत, टीव्हीशेजारी, रात्री 22-23 अंशांच्या खाली काही जात नाही, आणि बहुतेक घरांतली झाडं नेमकी तिथंच असतात. कमाल-किमान तापमान दाखवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर कुंडीशेजारी आठवडाभर ठेवा, अंदाजावर राहू नका. एखाद्या रात्री पारा 12-13 च्या खाली गेला तर तेवढ्यापुरती कुंडी आत घ्या.

उशीर मात्र करू नका. गारव्याचे पाच-सहा आठवडे, नंतर दांडा वाढून पहिलं फूल उमलायला आणखी अडीच ते साडेतीन महिने. दिवाळीला सुरुवात केली तर संक्रांतीला वीतभर दांडा आणि रंगपंचमी-पाडव्याच्या सुमाराला फुलं. हेच जानेवारीत सुरू केलं तर कळ्या एप्रिलच्या उन्हात सापडतात आणि उमलायच्या आधीच पिवळ्या पडतात.

उजेड

गारवा आहे पण उजेड नाही, तर डोळा उठला तरी दांडा बारीक आणि फुलं तीन-चारच. फॅलेनॉप्सिसला 10 ते 15 हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतात. उघड्यावरचं दुपारचं ऊन लाखाच्या घरात असतं. मोबाइलवरच्या लक्स अ‍ॅपने ढोबळ अंदाज येतो. अ‍ॅप नको असेल तर दुपारी पानाच्या वर फूटभर अंतरावर हात धरा. सावलीची कड पुसट पण हात ओळखू येणारी असेल तर उजेड बरोबर. सावली काळी, ठसठशीत असेल तर पान भाजेल. सावलीच दिसत नसेल तर फूल विसरा.

पानाचा रंगही बोलतो. गडद, काळपट हिरवी पानं बघायला छान दिसतात, पण ती अंधारातली असतात. थोडा पोपटी हिरवा हवा. कडेला किंचित लालसर झाक आली की ती उजेडाची वरची हद्द. गच्चीत ठेवायचं असेल तर 50 टक्क्यांचं हिरवं शेडनेट अपुरं पडतं, 75 टक्क्यांचं लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कलतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत ऊन बरंच आत येतं. तिथं पातळ पांढरा पडदा हवा.

दांडा की मूळ?

नवीन लोक इथं हमखास फसतात. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत हिरवं किंवा जांभळट असतं आणि अंगावर पांढरट थर चढत जातो. दांड्याचं टोक चपटं असतं, बोट न फुटलेल्या हातमोज्यासारखं, आणि तो पानाच्या बुडातून, बगलेतून फुटतो. शंका असेल तर आठवडाभर थांबा.

दांडा 10-12 सेंटिमीटर झाला की बांबूची बारीक काडी रोवून सैल बांधा. दांडा उजेडाकडं वळतो, म्हणून कळ्या धरल्यावर कुंडी फिरवू नका, नाहीतर फुलं चहूकडं तोंड करून उमलतात. हौसेनं ती दिवाणखान्यात नेणंही फुलं उमलेपर्यंत लांबवा.

कळ्या पिवळ्या पडून गळाल्या तर कारण बहुतेक वेळा या तिघांत असतं: मुळं सुकली, गरम झळ लागली, किंवा इथिलीन वायू. पिकणाऱ्या फळांतून आणि धुरातूनही इथिलीन सुटतो. त्यामुळं केळ्यांचा घड, आंब्याची अढी घातलेली खोली आणि उदबत्तीचा धूर कोंडणारं देवघर, इथं कळीवरचं ऑर्किड ठेवायचं नाही. पाडव्याला हापूसची पेटी घरात आली की आधी कुंडी दुसऱ्या खोलीत न्या.

फुलं गेल्यावर

दांडा हिरवा असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्याच्या वर कापून पुन्हा थोडी फुलं घेता येतात, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. ते खरंही आहे. पण आपल्याकडं तोवर एप्रिल-मे उजाडतो आणि त्या उन्हात आलेली फुलं बारकी, अल्पायुषी असतात. आमचं मत, बुडाशी इंचभर ठेवून दांडा कापा आणि झाडाला पानं करू द्या. ब्लेड आधी ज्योतीवर तापवून गार करून घ्या. विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर अशाच पात्यावरून जातो.

मग कुंडी बदलायची. वेळ मेअखेरची, वळीव पडून हवा जरा निवल्यावर आणि मुळांना नवी हिरवी टोकं दिसू लागल्यावर. पावसाळ्याच्या आत हे व्हायलाच हवं. नर्सरीतून आलेल्या झाडाच्या मुळांच्या मधोमध बहुधा शेवाळाचा घट्ट गोळा असतो, कधी जाळीच्या छोट्या कपासकट. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो आठ-दहा दिवस वाळत नाही आणि मुळं आतून कुजतात. वरून पानं चांगली दिसत राहतात, म्हणून कळतं ते दसऱ्याला. तो गोळा काढून टाका.

मिश्रण असं: पाइनची साल (15-20 मिलिमीटरचे तुकडे) तीन भाग, लाकडी कोळसा एक भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे एक भाग. साल रात्रभर भिजवा, कोळसा धुऊन घ्या, सोडण तीन दिवस भिजवून रोज पाणी बदला, कारण त्यात क्षार असतात. दाबून बघितल्यावर टणक लागणारी मुळं ठेवा. तपकिरी, पोकळ, चिमटीत घेताच साल निसटणारी मुळं कापा. चार-पाच पानांच्या झाडाला पाच इंची, बुडाला आणि बाजूंना भोकं असलेली पारदर्शक कुंडी पुरते. मोठी कुंडी म्हणजे जास्त ओल. झाड डुगडुगत असेल तर काडीला बांधा, हलत्या झाडाची नवी टोकं घासून मरतात. दोन-तीन दिवसांनी पहिलं पाणी.

पाणी आणि खत

वार ठरवून पाणी घालू नका, मुळांचा रंग बघा. हिरवी म्हणजे ओल आहे, चंदेरी-पांढरी झाली की पाणी. उन्हाळ्यात हे तीन-चार दिवसांनी येतं, थंडीत आठवड्यानं, भर पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी. सकाळी कुंडी दहा-पंधरा मिनिटं बादलीत बुडवा आणि पूर्ण निथळू द्या. पानांच्या मधल्या पोंग्यात पाणी साचलं तर कापसानं टिपून घ्या. तो पोंगा कुजला की फॅलेनॉप्सिस संपल्यातच जमा. बोअरचं पाणी जड असेल तर मुळांच्या टोकांवर पांढरे क्षार बसतात. पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून ठेवलं तर उत्तम.

खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं), कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे दोन लिटर पाण्यात पाव छोटा चमचा सपाट. दुकानदार पिकाच्या हिशेबानं लिटरला पाच ग्रॅम सांगेल. त्यानं मुळांची टोकं काळी पडतात. तीन पाण्यांना खत, चौथं साधं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. फुलासाठी 00:52:34 हे नुसतं स्फुरद-पालाशाचं खत द्यायची गरज नाही, गारवा न मिळालेल्या झाडाला त्यानं दांडा फुटत नाही. ताक, तांदळाचं पाणी, जीवामृत इथं नको. सालीत चिकटा साचतो आणि कुजण सुरू होते.

पानाच्या खाली पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा, आठवड्यानं पुन्हा, तीनदा. पावसाळ्यात पाणचट, वास येणारा डाग पडला तर डागाच्या पुढं सेंटिमीटरभर निरोगी भागासकट पान कापा आणि कापलेल्या कडेवर दालचिनीची पूड लावा. ती मुळांवर पडू देऊ नका, मुळं सुकतात.

दसऱ्याला एकदा पानं मोजा. चार-पाच जाड पानं आणि कुंडीच्या भिंतीला हिरवी-चंदेरी मुळं दिसत असतील तर झाड तयार आहे. दोनच सुरकुतलेली पानं असतील तर यंदा दांडा आला तरी बोटभर असतानाच कापून टाका, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा मोजा.