मनगटी घड्याळाची निगा: लक्ष द्यावे ते चावीकडे

महागड्या घड्याळाची काळजी म्हटली, की बहुतेकांना आधी काचेवरचे ओरखडे आठवतात. वास्तविक काच खराब झाली तर बदलता येते. घड्याळाची मोठी दुखणी मात्र पुष्कळदा चावीपाशी, म्हणजे तबकडीच्या बाजूला असलेल्या त्या छोट्या गोल बटणापाशी सुरू होतात. आतल्या यंत्राला बाहेरून हात लावण्याचा मार्ग तोच, आणि पाणी, घाम व धूळ आत शिरण्याची सर्वांत सोपी वाटही तीच.

रोज चावी द्यावी लागणारे घड्याळ असेल, तर ती शक्यतो ठरावीक वेळी आणि घड्याळ मनगटावरून काढूनच द्यावी. हातात घातलेल्या घड्याळाला चावी देताना बोटांना जागा पुरत नाही, चावीवर तिरका जोर येतो आणि तिची केसासारखी बारीक दांडी कालांतराने वाकते. चावी फिरेनाशी झाली, की तिथेच थांबावे. ऑटोमॅटिक घड्याळात स्प्रिंग पूर्ण भरल्यावर आतून घसरत राहते, त्यामुळे चावी अडल्याचे जाणवत नाही; असे घड्याळ बंद पडले असेल, तर वीस-तीस फेरे देऊन हातात घालावे, पुढचे काम मनगटाची हालचाल करते.

तारीख बदलताना अधिक जपावे लागते. अनेक घड्याळांत रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत तारखेचे दाते काट्यांच्या चक्रात गुंतलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी चावीने थेट तारीख बदलली तर दाता मोडू शकतो. शिवाय बंद पडलेल्या घड्याळात दहा वाजलेले दिसले, तरी ते सकाळचे की रात्रीचे हे तबकडीवरून कळत नाही. म्हणून आधी काटे पुढे फिरवत तारीख उलटेपर्यंत न्यावेत, म्हणजे मध्यरात्र कुठे आहे ते समजते. तेथून सकाळचे सहा वाजवावेत, मग चावी मधल्या टप्प्यावर आणून कालची तारीख लावावी, आणि शेवटी काटे पुन्हा पुढे नेत मध्यरात्र ओलांडून आजच्या वेळेवर आणावेत. दुपार उलटून गेली असेल, तर बारा एकदा आणखी ओलांडावे लागतात, हे विसरू नये.

चावी आट्यांची असेल, तर ती बसवताना आधी किंचित उलटी फिरवावी. आटे जुळल्याची बारीकशी जाणीव बोटाला होते, त्यानंतरच ती आत दाबून सुलटी फिरवावी. आटे तिरके बसले की चावी बंद झाल्यासारखी दिसते, पण पाणी अडत नाही.

पाण्याच्या बाबतीत घड्याळावर छापलेला आकडा शब्दशः घेऊ नये. ‘३० मीटर’ याचा अर्थ तीस मीटर खोल जाता येते असा नसून हात धुताना उडालेले शिंतोडे चालतील, एवढाच आहे. पोहण्यासाठी १०० मीटरचे घड्याळ असावे, आणि पाण्यात असताना चावी किंवा बाजूची बटणे हाताळू नयेत. पाणी अडवणारे रबरी वॉशर वयानुसार कडक होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा आकडा आज खरा असेलच असे नाही. गरम पाण्याची आंघोळ तर मजबूत घड्याळालाही टाळावी, कारण उष्णता, वाफ आणि साबण या वॉशरांना मानवत नाहीत. काचेच्या आत धुके दिसले, तर घड्याळ उन्हात वाळवत न बसता त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे. बाष्प दिसेनासे झाले तरी गंज आत सुरू झालेला असू शकतो.

घड्याळ अचानक रोज काही मिनिटे पुढे जाऊ लागले, तर पहिला संशय चुंबकाचा घ्यावा. फोनचे स्पीकर, टॅब्लेटची झाकणे आणि पर्सची चुंबकी बटणे यांच्याजवळ ठेवलेल्या घड्याळातील हेअरस्प्रिंगची, म्हणजे गती राखणाऱ्या अतिशय बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि त्याची गती वाढते. साधे होकायंत्र जवळ धरल्यावर सुई वळत असेल, तर संशय बळावतो. घड्याळात शिरलेले चुंबकत्व उतरवण्याचे काम घड्याळजीकडे काही सेकंदांत होते.

धातूचा पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ टूथब्रशने घासावा, शक्य असल्यास घड्याळापासून वेगळा करून. चामडी पट्ट्याला पाणी लावूच नये आणि घामट दिवसानंतर त्याला एक दिवस विश्रांती द्यावी. अत्तर पट्ट्यावर उडू देऊ नये.

आता तेलपाण्याविषयी. अनेक आधुनिक यांत्रिक घड्याळे तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० ठोके; आतले तेल वाळल्यावरही घड्याळ चालत राहते, आणि खरी झीज तेव्हाच होते. म्हणून बंद पडण्याची वाट न पाहता साधारण पाच वर्षांनी, किंवा उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, सर्व्हिसिंग करावे. क्रोनोमीटरचे, म्हणजे अचूकतेची अधिकृत चाचणी पार केल्याचे, प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यंत्रालाही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मुभा असते, तेव्हा दोन-चार सेकंदांसाठी अस्वस्थ होण्याचे कारण नाही. मात्र नेहमीचा फरक एकाएकी बदलला, तर तो नोंदवून ठेवावा. क्वार्ट्झ घड्याळाचा सेल संपल्यावर तो लगेच काढावा, कारण संपलेला सेल आत पाझरू शकतो.

कोणत्याही कारणाने मागचे झाकण उघडले, अगदी सेल बदलण्यापुरते जरी, तरी वॉशर तपासून पाण्याच्या दाबाची चाचणी करायला सांगावे. आणि सर्व्हिसिंगला देताना ‘पॉलिश करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा धातू घासला जातो आणि घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या धारदार कडा एकदा गोल झाल्या, की त्या पूर्ववत करणे फार अवघड असते.