क्रेप पट्टीत दोरा घालताना: जड रिंगांच्या पॅकिंगसाठी

क्रेप पट्टी म्हणजे बारीक चुण्या पाडलेल्या, ओढल्यावर लांबणाऱ्या कागदाची पट्टी. तिच्यात दोरा सरळ चिकटवला, की ती क्रेप पट्टी उरत नाही. दिसायला तशीच दिसते, चुण्याही जागेवर असतात, पण ओढून पाहिली की दोरा लगेच ताठ होतो आणि कागद जागचा हलत नाही. वळणावर ती बसत नाही, एक कड उभी राहते. जास्त जोर लावला तर दोरा कागद चिरत बाहेर येतो. मजबुतीसाठी दोरा घालायचा आणि कागदाचा ताणही टिकवायचा, हे दोन्ही जमवता येतं आणि त्याला मोठं मशीन लागत नाही. एक लांब फळी, खिळे, गरम गोंदाची ग्लू गन आणि थोडा हिशेब पुरतो.

माझं भोसरी एमआयडीसीत पॅकिंगचं छोटं युनिट आहे. मशीनिंग झालेल्या स्टीलच्या रिंगा आमच्याकडे येतात, आम्ही त्या तेल लावून, गुंडाळून, लाकडी पेटीत बसवून न्हावा शेव्याला पाठवतो. एवढी वजनदार रिंग पेटीत जरा जरी सरकली, तरी बाहेरच्या कडेवरचा साधा क्रेप फाटतो. फाटला की आत दमट हवा शिरते आणि समुद्रावरच्या प्रवासात गंजाला सुरुवात होते. म्हणून माझ्या लेखी कडेवरची पट्टी हीच सगळ्या पॅकिंगमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

आधी कागद समजून घ्या. कागद ओलसर असताना गरम ड्रमला चिकटवतात आणि पात्याने खरवडून काढतात, त्यामुळे त्याच्या बारीक आडव्या चुण्या पडतात. ओढल्यावर या चुण्या उलगडतात, तोच त्याचा ताण. या चुण्यांमुळेच १९२५ मध्ये अमेरिकी संशोधक रिचर्ड ड्र्यू यांनी मोटारींच्या रंगकामासाठी जी मास्किंग टेप काढली, तिला क्रेप कागदच वापरला होता; गाडीच्या गोलाईवर साधा कागद बसत नाही. पण एकदा उलगडलेली चुणी रबरासारखी परत मिटत नाही. हे कायम डोक्यात ठेवा, कारण गुंडाळताना सगळा ताण खर्च केला तर प्रवासातल्या हिसक्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही. दुसरं, कागद भिजला की चुण्या सैल पडतात. म्हणून पाण्यातली खळ किंवा पांढरा गम सढळ हाताने लावलेली पट्टी वाळल्यावर सपाट होते. पावसाळ्यात तर उघडा रोल नुसत्या हवेनेच मऊ पडतो. रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत, जमिनीपासून वर, पॅलेटवर ठेवा.

आता दोरा. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दुकानात गेल्यावर ‘मजबूत द्या’ एवढंच सांगून चालत नाही.

ताग स्वस्त आहे आणि ओढायला चांगला मजबूत आहे, पण दोन टक्केही न ताणता तुटतो आणि हवेतलं पाणी भरपूर पितो. स्टीलच्या अंगाजवळ पाणी पिणारी वस्तू मला नको. सुती दोरा थोडा बरा, तरी ओल धरतोच. काचतंतू ओढण्यात सगळ्यांच्या वरचढ आहे, त्याला ओलीचं भयही नाही, पण तीव्र कडेवर दुमडला की तंतू मोडतात, आणि गाठ तर त्याला सहनच होत नाही. सपाट पेट्यांवर काचतंतूची टेप उत्तम चालते, रिंगेच्या कडेवर नको. त्याचे बारीक कण हातात घुसून दिवसभर खाज सुटते, ते वेगळंच. प्लॅस्टिकची सुतळी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. ती १६० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे ग्लू गनच्या थेंबाखालीच तिचा जीव जातो.

मी हाय टेनॅसिटी, म्हणजे जास्त ताकदीचा, पॉलिएस्टर दोरा वापरते. तो पाणी जवळजवळ पीत नाही, वितळायला २५० अंशांच्या वर लागतात, आणि तुटण्याआधी बारा-पंधरा टक्के ताणतो, म्हणजे हिसका बसला तर थोडा सोसून घेतो. दुकानात डेनियर, म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप, सांगा. १००० डेनियर म्हणजे ९ किलोमीटर दोऱ्याचं वजन १ किलो. या जातीचा दोरा दर डेनियरला साधारण ८ ग्रॅम भार घेतो, तेव्हा १००० डेनियरचा एक पदर ८ किलोला तुटेल असं धरा. आपल्या पट्टीत असे चार पदर असतात, म्हणजे नुसत्या हिशेबाने ३२ किलो. पण चारही पदर एकाच क्षणी सारखे ताठ होत नाहीत, कडेवर दोरा वाकतो, जोडातही थोडा भार जातो; म्हणून मी निम्मेच धरते, १६ किलो. रिंग जड असेल तर २००० डेनियर घ्या. पदर वाढवण्यापेक्षा जाड दोरा घेतलेला बरा, पट्टी कडक होत नाही.

आता मुख्य काम. दोरा कागदापेक्षा लांब असला पाहिजे. कागद ताणताना दोऱ्याने वाट द्यायची आणि कागद फाटायच्या थोडं आधी भार उचलायचा. त्यासाठी दोरा नागमोडी टाकायचा. पट्टीच्या लांबीशी ३० अंशांचा कोन धरला तर दोरा कागदापेक्षा १५ टक्के लांब बसतो. बहुतेक पॅकिंगला तेवढी सवड पुरते. पण आधी तुमचा क्रेप २० टक्क्यांच्या वर ताणतो याची खात्री करा, नाहीतर दोरा ताठ होण्याआधीच कागद जाईल.

५० मिमी रुंद पट्टीसाठी फळी अशी करा. साधारण तीन मीटर लांब, सरळ, रंधा मारलेली फळी घ्या. तिच्यावर एकमेकींपासून ३४ मिमी अंतरावर दोन समांतर रेषा आखा. दोन्ही रेषांवर दर ३० मिमीला एकेक खिळा ठोका, समोरासमोर. खिळे बारीक, बिनडोक्याचे हवेत, नाहीतर दोरा वर उचलताना अडकतो. आता एक पदर डावीकडच्या पहिल्या खिळ्याला वेढा, तिथून ६० मिमी पुढच्या उजव्या खिळ्याला, मग पुन्हा ६० मिमी पुढे डावीकडे, असं टोकापर्यंत न्या. दुसरा पदर ३० मिमी पुढून सुरू करा, तिसरा ६० पुढून, चौथा ९० पुढून. पदर एकमेकांना ओलांडतात, पण प्रत्येक खिळ्यावर एकच पदर येतो. दोरा ओढून ताणू नका, नुसता सरळ राहील एवढाच ठेवा.

दोरा टाकण्याआधी दोन्ही रेषांच्या मधोमध २० मिमी रुंदीची क्रेपची बारीक पट्टी अंथरलेली असू द्या. दोरा तिच्या वरून जाईल. आता फक्त मधल्या रेषेवर, जिथे जिथे दोरा ती ओलांडतो तिथे, ग्लू गनचा मुगाएवढा थेंब टाका आणि लाकडी पट्टीने दाबा. बाकी कुठेही गोंद नको. थेंब थंड झाला की ही जाळी खिळ्यांवरून अलगद उचला.

आमच्याकडे नवीन आलेली एक मुलगी हे शिकताना म्हणाली, “काकू, वळणावर पण एक थेंब टाकते, म्हणजे हलणार नाही.” मी म्हटलं, “अगं, वळण हललंच पाहिजे. ते आत ओढलं जातं तेव्हाच दोरा सरळ होतो. ते चिकटवलंस तर दोरा कागदालाच फाडेल.” मग तिला दोन्ही प्रकारचे तुकडे हाताने ओढायला दिले. वळण चिकटवलेल्या तुकड्यात प्रत्येक वळणापाशी कागदाला चंद्रकोरीसारखी भेग पडली. मोकळ्या वळणांच्या तुकड्यात आतून दोरा सरकताना बोटांना कळत होता, आणि मग एकदम ताठ. सांगून समजणार नाही ते त्या दोन तुकड्यांनी समजतं. तुमच्याकडच्या मुलांनाही हेच करायला द्या.

ही जाळी ५० मिमीच्या एका क्रेप पट्टीवर मधोमध ठेवा, वरून दुसरी ५० मिमीची पट्टी टाका आणि दोन्ही पट्ट्या फक्त कडांना चिकटवा. कडेची ६ मिमी जागा मोकळी असते, तिच्यावर दर २५ मिमीला छोटे थेंब पुरे. सलग गोंदाची रेघ ओढली तर तीच कडक दोरी बनते आणि कडेचा ताण मारते. लेटेक्स गोंद मऊ राहतो म्हणून काही जण तो पसंत करतात, पण त्यात अमोनिया असतो. पितळ किंवा तांब्याच्या जॉबजवळ, म्हणजे पॅक करायच्या वस्तूजवळ, तो अजिबात नको.

पट्टी तयार झाली की प्रत्येक फळीतला एक तुकडा तपासा. त्यावर पेनने २०० मिमी अंतरावर दोन खुणा करा, एक टोक पकडीत धरा, दुसऱ्याला स्प्रिंग काटा लावून हळू ओढा. खुणांमधलं अंतर २३० मिमीच्या आसपास गेलं की काट्यावरचा आकडा झपकन चढायला हवा. २१० लाच चढला तर दोरा ताणून टाकलाय किंवा थेंब चुकीच्या जागी आहेत. २३० च्या आधी कागद फाटला तर क्रेप बदला. हा तुकडा फुकट जातो म्हणून कुणी कुरकुर केली तर ऐकू नका.

आता गुंडाळणं. एक उदाहरण घेऊ: बाहेरचा व्यास ६०० मिमी, आतला ४०० मिमी, जाडीत १०० बाय ८० मिमीची रिंग. पट्टी रिंगेच्या आतून-बाहेरून फिरते, म्हणून एक वेढा ३६० मिमीचा होतो. बाहेरचा परीघ १८८५ मिमी, आतला १२५७ मिमी. ओव्हरलॅप, म्हणजे एक वेढा आधीच्या वेढ्यावर जेवढा चढतो तो भाग, नेहमी बाहेरच्या बाजूला मोजा. बाहेर निम्मा, म्हणजे २५ मिमी ठेवलात तर आत आपोआप दोन तृतीयांश होतो. आत निम्मा धरून सुरुवात केली, तर बाहेर, नेमकं जिथे घासतं तिथे, जेमतेम १२ मिमी उरतो.

पहिला थर साध्या व्हीसीआय क्रेपचा, म्हणजे गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या कागदाचा, निम्म्या ओव्हरलॅपने. त्याला सुमारे ७५ वेढे आणि २७ मीटर पट्टी लागते. व्हीसीआयची बाजू धातूकडे असायला हवी, आणि त्या बाजूला गोंद लावायचा नाही, कारण तिथून वाफ बाहेर पडायची असते. जॉबमध्ये पितळी भाग असेल तर तो कागद पितळेला चालतो का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. हातमोजे घातल्याशिवाय रिंगेला हात लावू नका; घामाच्या बोटांचे ठसे गंजाच्या रूपात जसेच्या तसे उमटतात.

दुसरा थर दोरा घातलेल्या पट्टीचा, उलट दिशेने. इथे बाहेरचा ओव्हरलॅप १२ मिमी पुरतो, म्हणजे साधारण ५० वेढे आणि १८ मीटर. ताण किती द्यायचा हे हाताच्या अंदाजावर सोडू नका. पट्टीवर दर १०० मिमीला पेनाने बारीक खूण करून ठेवा, आणि गुंडाळल्यावर सपाट बाजूवर ते अंतर १०५ मिमी भरतंय का बघा. १५ पैकी ५ टक्के आपण वापरले, १० टक्के प्रवासासाठी ठेवले. कोपऱ्यांवर, पहिल्या थरानंतर, जाड क्राफ्ट कागदाची दुमडलेली पट्टी ठेवायला विसरू नका. दोरा कितीही चांगला असला तरी बर, म्हणजे मशीनिंगची धारदार कुसळं, राहिलेल्या कडेपुढे टिकत नाही. पट्टीचा जोड सपाट बाजूवर येऊ द्या, १२० मिमी एकमेकांवर, आणि दोऱ्याची गाठ मारू नका. गाठीपाशी दोऱ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. टोकं पुढच्या वेढ्यांखाली दाबली की घर्षणानेच धरून राहतात.

एक-दोनच रिंगा असतील तर फळीचा खटाटोप करू नका. पहिला क्रेप गुंडाळा, त्यावर नुसता दोरा उलट दिशेने २५ मिमी अंतराने फिरवा, आणि वरून दुसरा क्रेप. कागदाने आकार आधीच घेतलेला असतो, त्यामुळे इथे दोरा सरळ असला तरी चालतो. त्यातली कमजोरी एवढीच की दोरा एका जागी तुटला तर सगळीकडे सैल पडतो. फळीवरच्या पट्टीत प्रत्येक पदर दर ६० मिमीला धरलेला असतो, म्हणून जखम तिथल्या तिथे राहते. पेटीत फार हिंदकळणारा माल असेल तर मी दोन रिंगांसाठीसुद्धा पट्टीच करते.

या पट्टीला धरून रिंग उचलायची नाही, तिच्याखालून स्लिंग घालायची नाही. ती आवरण सांभाळते. वजन उचलायला वेगळा पट्टा असतो. पेटीवर तसं ठळक लिहून ठेवा, कारण दुसऱ्या टोकाला क्रेन चालवणारा माणूस आपल्याला ओळखत नाही.

आणि तिकडे उघडणाऱ्याचाही विचार करा. तो कटर घेऊन येतो आणि लाखमोलाच्या, ग्राइंडिंग करून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर चरा पाडतो. दुसरा थर सुरू करण्याआधी लाल रंगाचा एक पॉलिएस्टर पदर रिंगेच्या बाहेरच्या बाजूने पूर्ण फिरवा, त्याचं १०० मिमी शेपूट बाहेर ठेवा आणि शेजारी बाण काढून ‘इथून ओढा’ असं त्याच्या भाषेत लिहा. हा पदर बाकीच्या चार पदरांतल्या प्रत्येकापेक्षा दुप्पट जाड घ्या, म्हणजे ओढताना तो स्वतः न तुटता बाकीच्यांना तोडत जाईल.