व्हीएलएएनवर मोठी पॅकेटं गळतात? आधी बफरची बेरीज करा

लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरवर साधं पिंग चालतं, पण व्हीएलएएन (टॅग लावून वेगळं केलेलं आभासी नेटवर्क) लावला की मोठी पॅकेटं गळतात, तेव्हा मी सर्वात आधी रिसीव्ह बफरचा, म्हणजे आलेलं पॅकेट ठेवायच्या मेमरीचा, आकार बघतो. तिथे नुसता १५१८ लिहिलेला दिसला, तर बेरीज कागदावर मांडा: एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, इथरनेट हेडर सोडून) १५००, इथरनेट हेडर १४, व्हीएलएएन टॅग ४, एफसीएस (शेवटचा चूक-तपासणीचा आकडा) ४. झाले १५२२ बाइट.

पण आकडा बदलून थांबू नका. ही बेरीज कर्नलच्या स्थिरांकांनी आणि चालू एमटीयूवरून करा. बफर घेताना, डीएमएसाठी (चिपने सीपीयूशिवाय थेट मेमरीत लिहिण्यासाठी) तो मॅप करताना आणि चिपच्या रजिस्टरमध्ये लिहिताना तोच एक आकार वापरा. रजिस्टरला १ केबीच्या पटीत आकार हवा असेल, तर बफरही त्या पटीपर्यंत वाढवा. इथे हयगय अजिबात नको: रजिस्टरचा आकडा बफरपेक्षा मोठा असेल तर चिप शेजारच्या मेमरीत लिहिते, आणि केएएसएएनला (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाला) ते दिसत नाही. तो सीपीयूचं वाचन-लेखन तपासतो, डीएमएचं नाही. डिस्क्रिप्टरमधली (चिपने पॅकेटबद्दल भरलेल्या नोंदीतली) लांबीही बफरशी ताडून मगच पॅकेट वर सोपवा.

मग दुसऱ्या मशीनवरून, त्याच व्हीएलएएनवर, तुकडे न करता १४७२ बाइटचा पिंग पाठवा. आयपी आणि आयसीएमपीची हेडरं धरून बरोबर १५०० होतात. एमटीयू आणि त्याच हिशेबाने पिंगचा आकार वाढवून हीच चाचणी पुन्हा घ्या.